गृहपाठाचे यंत्र : एका बालकादंबरीतील फसलेल्या प्रयोगाचा विचार

बालवाङ्मयाविषयी जे समीक्षात्मक लेखन होते, त्यात बहुधा दोनच प्रश्न विचारले जातात. या पुस्तकातून मुलांनी काय घ्यावे हा पहिला, आणि मुलांना हे पुस्तक आवडते काय हा दुसरा. पहिला प्रश्न शिक्षणशास्त्राचा आहे, दुसरा ग्रंथविक्रेत्याचा. वाङ्मयाच्या अभ्यासकाचा म्हणून जो प्रश्न आहे, म्हणजे ही कृती घडली आहे कशी आणि तिच्या घडणीतच तिचे हसू कोठे दडले आहे, तो या दोहोंच्या गर्दीत मागे पडतो. विनोदी बालकादंबरीची तर याहून अधिक उपेक्षा होते. मुले हसली म्हणजे पुस्तकाचे काम संपले, असा एक समज रूढ आहे. हसण्यामागे युक्तिवाद असू शकतो, तो तपासता येतो, आणि काळाच्या ओघात तो खराही ठरतो किंवा खोटाही पडतो, याकडे कोणी फारसे लक्ष देत नाही.

'डॅनी डन अँड द होमवर्क मशीन' ही जे विल्यम्स आणि रेमंड अब्राश्किन या दोघा अमेरिकन लेखकांनी मिळून लिहिलेली आणि 1958 मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. डॅनी डन या शाळकरी मुलाच्या कथामालेतील ही तिसरी कादंबरी. मालेचा आरंभ 1956 मध्ये गुरुत्वाकर्षणाला न जुमानणाऱ्या एका रंगाच्या कथेने झाला आणि 1977 पर्यंत तीत एकंदर 15 पुस्तके निघाली. अब्राश्किन 1960 मध्येच निवर्तले, तरी विल्यम्स यांनी अखेरच्या पुस्तकापर्यंत त्यांचे नाव आपल्या नावाशेजारी कायम ठेवले. अब्राश्किन यांचा हात चित्रपटालाही लागलेला होता. 'लिट्ल फ्युजिटिव्ह' (1953) या, एका लहान मुलाच्या भटकंतीवरील चित्रपटाच्या तीन कर्त्यांपैकी ते एक होत. प्रस्तुत कादंबरीची चित्रे एझ्रा जॅक कीट्स यांची आहेत. पुढे 1962 मध्ये 'द स्नोई डे' या पुस्तकाने ज्यांची ख्याती झाली, ते हेच चित्रकार.

कथानक थोडक्यात असे. डॅनीची विधवा आई प्रोफेसर बुलफिंच या शास्त्रज्ञाच्या घरची व्यवस्था पाहते. त्यामुळे डॅनी प्रयोगशाळेच्या उंबरठ्यावरच लहानाचा मोठा होत आहे. कथेच्या आरंभी डॅनी आणि त्याचा मित्र जो हे एकाच वेळी गृहपाठाच्या दोन प्रती लिहून काढण्याची एक जोडलेखणीची करामत करीत बसलेले दिसतात. वाचकाने हा प्रसंग विसरू नये, कारण पुढील सर्व गोष्टीचे बीज येथेच आहे. प्रोफेसरांनी एक लहान आकाराचा संगणक तयार केला आहे. त्याचे नाव मिनिअ‍ॅक, लाडाचे नाव मिनी. ते बाहेरगावी जाताना यंत्रावर लक्ष ठेवण्याचे काम डॅनीवर सोपवितात, आणि डॅनी, जो व शेजारी नव्यानेच राहावयास आलेली आयरीन अशी तिघे त्या यंत्राकडून गृहपाठ करवून घेऊ लागतात. एडी नावाचा, चहाडखोर म्हणूनच ओळखला जाणारा वर्गबंधू ही बातमी फोडतो. शिक्षिका मिस आर्नोल्ड चौकशीस येतात. डॅनी बचाव करतो की यंत्र हे साधन आहे, आणि शास्त्रज्ञांनी जे साधन वापरावे ते विद्यार्थ्याने का वापरू नये? शिक्षिका यंत्राला बंदी करीत नाहीत. या मुलांच्या वाट्याला गृहपाठ मात्र अधिक आणि अधिक कठीण येऊ लागतो. तो यंत्राकडून करवून घ्यावयाचा तर आधी यंत्राला त्या विषयाची माहिती पुरविली पाहिजे, कोणत्या क्रमाने काय करावयाचे ते सांगितले पाहिजे, आणि ते सांगण्यासाठी आधी ते स्वतःला समजले पाहिजे. मुले पाठ्यपुस्तके उपसतात, पुढच्या इयत्तांची पुस्तके धुंडाळतात, खेळण्याचा वेळ गमावतात. आपण गृहपाठ टाळण्यासाठी गृहपाठाहून अधिक अभ्यास केला, हे त्यांना अखेर उमगते. मोठ्या माणसांना ते आधीच उमगलेले असते.

शाळकरी वयाच्या शास्त्रीय उचापतींवरील विनोदी कथांत प्रयोग फसण्याची एक ठराविक पद्धत आढळते. काहीतरी फुटते, उतू जाते, फुगते किंवा आकाशात उडते. रोआल्ड डाल यांच्या 'जॉर्जेस मार्व्हलस मेडिसिन' (1981) या कादंबरीत आठ वर्षांचा जॉर्ज घरातील मिळेल ती बाटली, डबा आणि पूड एका भांड्यात ओतून खाष्ट आजीसाठी औषध शिजवितो. आजी छप्पर फोडून वर जाते. येथपर्यंतचे हसू हे भरताने सांगितलेल्या विकृत आकाराचे हसू आहे आणि त्यात नवे काही नाही. डाल यांची खरी चलाखी पुढे आहे. जॉर्जच्या बापाला तेच औषध पुन्हा बनवून हवे असते, आणि जॉर्जला आपण काय काय घातले ते नीट आठवत नाही. दुसरे औषध कोंबडीचे पाय लांबविते, तिसरे मान, चौथे तिला आकसून टाकते. प्रयोग फसला तो नोंदवही नव्हती म्हणून! विज्ञानाच्या पद्धतीवर इतकी मार्मिक टीका करणारी गोष्ट लहान मुलांसाठी क्वचितच लिहिली गेली असेल. 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'च्या 2020 च्या नाताळ अंकात या औषधाच्या घटकद्रव्यांचे विषशास्त्रीय परीक्षण दोघा डॉक्टरांनी गंभीर चेहऱ्याने प्रसिद्ध केले, यावरून त्या पुस्तकाची थट्टा किती दूरवर पोचली हे दिसते.

परंतु डॅनीचा प्रयोग या रीतीने फसत नाही. मिनी फुटत नाही, पेट घेत नाही. ती सांगितलेले काम बिनचूक करते. प्रयोग यशस्वी होतो आणि यशस्वी झाला म्हणूनच फसतो. हे या कादंबरीचे वैशिष्ट्य आहे, आणि तिच्याविषयी काही बोलावयाचे तर येथून आरंभ केला पाहिजे. बर्गसाँ यांनी हास्यावरील आपल्या ग्रंथात (1900) 'लुटारू लुटला जाणे' या विपर्यासाची चर्चा केली आहे. येथे त्याचाच एक सूक्ष्म प्रकार आहे. आळशी माणूस आपल्या आळसाच्या जोरावरच कामाला जुंपला जातो. मार्क ट्वेन यांच्या टॉम सॉयरने (1876) कुंपण रंगविण्याचे काम मित्रांना असे काही रंगवून सांगितले की तेच काम करू देण्याबद्दल त्यांनी त्याला मोल दिले. अमेरिकन बालवाङ्मयातील ही प्रसिद्ध फसवणूक डॅनीच्या मागे उभी आहेच, पण फरक असा की टॉम दुसऱ्यांना फसवितो, डॅनी स्वतःला. टॉम आणि त्याची गिऱ्हाइके या दोन्ही भूमिका एकाच मुलाने वठविल्या तर जे होईल ते येथे झाले आहे. नाट्यशास्त्रातील आत्मस्थ आणि परस्थ हा हास्याचा भेद येथे एका निराळ्या अर्थाने आठवतो.

हा विपर्यास केवळ कल्पनेचा खेळ असता तर तो एका प्रकरणात संपला असता. तो दीडशे पानांचा भार पेलतो, कारण त्याच्या बुडाशी एक तांत्रिक वस्तुस्थिती आहे. 1958 च्या सुमारास संगणक हे लोकांच्या दृष्टीने एक अद्भुत प्रकरण होते. 1952 च्या अध्यक्षीय निवडणुकीच्या रात्री युनिव्हॅक या यंत्राने आयझेनहॉवर यांच्या विजयाचे भाकीत केल्यापासून 'इलेक्ट्रॉनिक मेंदू' हे वृत्तपत्री नाव घराघरांत पोचले होते. ऑक्टोबर 1957 मध्ये सोव्हिएट रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिकेत शाळांतील विज्ञानशिक्षणाविषयी एकच हलकल्लोळ उडाला; कादंबरी निघाली त्याच वर्षी त्या देशात शिक्षणासाठी मोठे अर्थसाहाय्य देणारा राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायदा झाला. (आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत तेव्हा जे यंत्र आकार घेत होते ते 1960 मध्ये कार्यान्वित झाले, आणि पुढे टिफ्रॅक या नावाने ओळखले गेले. शाळकरी मुलाने त्याच्याकडून वजाबाकी करवून घेण्याची कल्पना त्या काळी कोणाला सुचली असेल असे वाटत नाही.) अशा वेळी एखाद्या सामान्य लेखकाने यंत्राला सर्वज्ञ ठरविले असते. विल्यम्स आणि अब्राश्किन यांनी तसे केले नाही. यंत्राला स्वतःचे असे काहीच ठाऊक नसते, जे करावयाचे ते पायरीपायरीने सांगावे लागते, हे त्यांनी नीट समजून घेतले आणि आपल्या विनोदाचा सारा डोलारा त्या एका खांबावर उभा केला. एडा लव्हलेस यांनी 1843 मध्ये बॅबेज यांच्या नियोजित यंत्राविषयी लिहिताना हीच मर्यादा सांगितली होती, आणि अ‍ॅलन ट्युरिंग यांनी 1950 च्या आपल्या निबंधात तिला आक्षेपाचे रूप देऊन तिचा परामर्श घेतला होता. लव्हलेसबाईंचे म्हणणे मुलांच्या गोष्टीत उतरविले तर काय होईल, याचे उत्तर म्हणून ही कादंबरी वाचता येते.

भाषेच्या अभ्यासकाला या कथेत आणखी एक गोष्ट जाणवते. कथेचा कणा असलेला विपर्यास इंग्रजीत सांगावयाचा तर शिकण्याचा शब्द एक आणि शिकविण्याचा दुसरा, आणि त्या दोन शब्दांत रूपाचे काही नाते नाही. मराठीत ते नाते धातूतच आहे. 'शिकणे' याचे प्रयोजक रूप 'शिकविणे'. दुसऱ्याला शिकविण्याच्या क्रियेत शिकण्याची क्रिया रूपाने अंतर्भूत असते. आता मराठीच्या नियमाप्रमाणे शिकविणारा निराळा आणि शिकणारा निराळा असावयास हवा. डॅनी मिनीला शिकवितो, तेव्हा मिनी शिकावी. कादंबरीतील गंमत अशी की प्रयोजक क्रियापदाचे फळ कर्माकडे न जाता प्रयोजकाकडेच परत येते. मिनी होती तशीच राहते आणि डॅनी शिकतो. आणखी खोलात गेले तर संस्कृतातील 'शिक्ष्' हे 'शक्' या धातूचे इच्छार्थक रूप मानले जाते. शिकणे म्हणजे मुळात समर्थ होण्याची इच्छा करणे. डॅनीला समर्थ होण्याची इच्छा नसते. यंत्र समर्थ असावे एवढीच त्याची इच्छा. ती इच्छा पुरी करण्याच्या भरात तो स्वतः समर्थ होऊन बसतो. व्युत्पत्तीवर फार भार टाकू नये हे खरे; परंतु ज्या भाषेत हे नाते रूपातच उघडे दिसते, त्या भाषेच्या वाचकाला या कथेचा पेच अधिक लवकर कळावा, एवढे म्हणण्यास हरकत नाही.

डॅनी आणि मिस आर्नोल्ड यांच्यातील वादही याच प्रकाशात पाहण्यासारखा आहे. शिक्षिकेचा प्रश्न शेवटी एवढाच आहे की या गृहपाठाचा कर्ता कोण. पाणिनीने स्वतंत्राला कर्ता म्हटले, आणि त्या स्वतंत्राला जो प्रवृत्त करतो त्यालाही हेतू या संज्ञेबरोबर कर्ता ही संज्ञा दिली. डॅनीचे वकीलपत्र एखाद्या वैयाकरणाने घेतले असते तर त्याला फारसे श्रम पडले नसते: यंत्र हे प्रयोज्य, डॅनी हा प्रयोजक, आणि शास्त्राने प्रयोजकालाही कर्तृत्व दिलेले आहे. किंबहुना यंत्राला स्वातंत्र्यच नाही असे धरले तर ते प्रयोज्य कर्ताही नव्हे, केवळ करण आहे, आणि मग कर्ता एकटा डॅनीच उरतो. कुऱ्हाडीने लाकूड तोडणाऱ्याला तुझे काम कुऱ्हाडीने केले असे कोणी म्हणत नाही. मिस आर्नोल्ड या युक्तिवादाला उत्तर देत नाहीत, हे लेखकद्वयाचे औचित्यज्ञान आहे. त्या तो युक्तिवाद मान्य करून त्याचा परिणाम डॅनीला भोगावयास लावतात. साधन मोठे असेल तर कामही मोठे असावे. बालवाङ्मयातील शिक्षक बहुधा खलनायक तरी असतो किंवा देवमाणूस तरी. विद्यार्थ्याच्या तर्कशास्त्राचा आदर करून त्याला त्याच तर्काने हरविणारी ही शिक्षिका त्या दोहोंत बसत नाही. कादंबरीतील सर्वांत प्रौढ बुद्धीचे पात्र कोणते असे विचारल्यास प्रोफेसरांच्या आधी तिचे, आणि डॅनीच्या आईचे, नाव घ्यावे लागेल.

इतर पात्रांविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. जो हा कवितेचा नादी आणि अनिष्टाची चाहूल आधी घेणारा मुलगा. डॅनी उत्साहाने पुढे धावतो तेव्हा त्याच्या मागे कुरकुरत चालणारा आणि तरीही कधी मागे न राहणारा सोबती लागतोच. हास्यरसाच्या परंपरेत ही जोडी जुनी आहे. आयरीनचा उल्लेख मात्र थोडा थांबून केला पाहिजे. ती या पुस्तकापासून मालेत आली. तिला शास्त्रज्ञ व्हावयाचे आहे आणि तसे ती निःसंकोचपणे सांगते. 1958 मधील मुलांच्या विज्ञानकथेत मुलीला ही जागा मिळणे ही सामान्य गोष्ट नव्हती, आणि डॅनीला प्रथम वाटणारे आश्चर्य लेखकांनी त्याच्याच अंगावर उलटविले आहे. तथापि मोक्याच्या क्षणी सुचण्याचा मान पुन्हा पुन्हा डॅनीकडेच जातो. माला त्याच्या नावाची आहे, हे त्याचे कारण असेल. पण कारण कळले म्हणून उणीव नाहीशी होत नाही.

कादंबरीचा खरा दोष तिच्या अखेरच्या भागात आहे. प्रोफेसर परत येतात, यंत्र पाहण्यास बाहेरची मातब्बर मंडळी येतात, आणि ऐन वेळी यंत्र बिघडते. चहाडखोर एडीने घातपात केला असल्याचे डॅनी शोधून काढतो आणि लाज राखतो. हा प्रसंग वेगवान आहे, मुलांना तो आवडतही असेल. पण तो या कादंबरीचा नाही. आतापर्यंत यंत्राचे अपयश यंत्राच्या यशातून निघत होते, माणसाच्या फजितीचे कारण त्याच्याच युक्तीत होते. आता एकदम दुष्ट हात, मोडलेला भाग आणि तो ओळखणारा चतुर नायक अशी रहस्यकथेची सामग्री पुढे येते. फसलेल्या प्रयोगाची जबाबदारी डॅनीवरून उचलून एडीवर टाकली जाते. ज्या कथेने इतका वेळ कर्ता कोण हा प्रश्न चातुर्याने खेळविला, तिने शेवटी कर्ता म्हणून एक चोर पकडून द्यावा, हे तिच्या स्वतःच्या बुद्धीला शोभत नाही. लेखकांना बहुधा असे वाटले असावे की नुसत्या विपर्यासावर मुलांची कादंबरी संपविता येत नाही, काहीतरी घडावे लागते. वस्तुतः घडावयाचे ते आधीच घडून गेले होते.

याच कल्पनेवर सुमारे अर्धशतकानंतर दुसरी एक अमेरिकन बालकादंबरी लिहिली गेली. डॅन गटमन यांच्या 'द होमवर्क मशीन' (2006) मध्ये अ‍ॅरिझोनातील पाचवीच्या वर्गातील चार मुले, केवळ आडनावाचे आद्याक्षर एक म्हणून एकत्र बसविली गेलेली, त्यांच्यापैकी ब्रेंटन या हुशार मुलाने तयार केलेल्या यंत्राकडून गृहपाठ करवून घेतात. दोन्ही पुस्तके शेजारी ठेवली म्हणजे तंत्रज्ञान बदलले की विनोदाची जागा कशी हलते ते स्पष्ट दिसते. ब्रेंटनच्या यंत्राला कोणी काही शिकवीत नाही. ते उत्तरे स्वतः शोधते आणि मुलांच्या हस्ताक्षरात छापून देते. डॅनीच्या वेळचा खांब येथे उरलेलाच नाही. मग कादंबरी उभी कशावर राहते? ती निवेदनाच्या रीतीवर. सर्व कथा मुलांच्या, शिक्षिकेच्या आणि पालकांच्या, पोलिसांपुढे दिलेल्या जबान्यांच्या रूपाने सांगितली आहे. प्रत्येक जण आपल्या परीने घटना सांगतो, दुसऱ्याचे म्हणणे खोडतो, आणि हसू उत्पन्न होते ते या विसंगतीतून. यंत्राविषयी शिल्लक राहते ती भीती: ते बंदच होत नाही. शेवटी मुले त्याला ग्रँड कॅन्यनच्या दरीत फेकून देतात. 1958 चे यंत्र मुलांना कामाला लावीत होते म्हणून हास्यास्पद होते. 2006 चे यंत्र काहीच मागत नाही म्हणून भयप्रद आहे. त्या कादंबरीत एका मुलाचा सैनिक बाप इराकच्या युद्धात मरण पावतो, आणि त्या दुःखापुढे गृहपाठाचा सारा खटाटोप एकदम लहान होऊन जातो. गटमन यांनी हसू सोडले नाही, पण ते यंत्रातून काढून माणसांत ठेवले.

येथे 1958 च्या पुस्तकापुढे एक गंभीर प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळून त्याची स्तुती करणे अप्रामाणिकपणाचे होईल. नोव्हेंबर 2022 पासून सामान्य माणसाच्या हाती असे संगणकीय कार्यक्रम आले आहेत की ज्यांना विषय समजावून द्यावा लागत नाही. प्रश्न लिहिला की निबंध मिळतो. डॅनीच्या कथेतील मोठ्या माणसांचे समाधान असे होते की यंत्राला शिकविण्यासाठी मुलांना शिकावेच लागेल. ते समाधान ज्या वस्तुस्थितीवर टेकले होते ती आता राहिलेली नाही. हे पुस्तक आज एखाद्या दहा वर्षांच्या मुलाने वाचले तर त्याला डॅनी मूर्ख वाटण्याचा संभव आहे. इतका खटाटोप कशाला, असे तो विचारील, आणि त्याच्या प्रश्नाला कादंबरीच्या आत उत्तर नाही.

यावर दोन सोपी उत्तरे सुचतात. एक असे की कादंबरी जुनी झाली, तिला वाङ्मयेतिहासात जमा करावी. दुसरे असे की तिच्यातील सत्य सनातन आहे, कष्टांवाचून ज्ञान नाही. दोन्ही उत्तरांत कादंबरी वाचण्याचे श्रम वाचविलेले आहेत. बारकाईने पाहता तिच्या हास्याचे दोन थर आहेत. वरचा थर यंत्राविषयीच्या तांत्रिक सत्याचा, आणि तो झिजला हे मान्य केले पाहिजे. खालचा थर आपण चतुर आहोत या समजुतीच्या आनंदात दंग झालेल्या, आणि त्यामुळे आपण काम करीत आहोत हेच विसरलेल्या मुलांचा. जोडलेखणीच्या करामतीवर पहिल्या प्रकरणात खर्च झालेला वेळ हा एक प्रत सरळ हाताने लिहिण्याला लागणाऱ्या वेळाहून कमी होता काय? मुळीच नाही. डॅनीला श्रम नको होते असे नव्हेच. त्याला दिलेले श्रम नको होते. स्वतः शोधलेल्या श्रमांना तो रात्र-रात्र देईल. हा थर संगणकावर अवलंबून नाही. त्याला लागते ते एवढेच की पळवाट ही वाटेहून लांब असावी. आणि नव्या यंत्रांनी नेमकी ती लांबीच काढून टाकली आहे. म्हणून खालचा थरही अगदी सुरक्षित आहे असे म्हणवत नाही. पळवाट आखूड झाली की पळणाऱ्याला वाटेत काही भेटत नाही.

या कारणाने कादंबरीचा वर्गच बदलतो, असे म्हणता येईल. लिहिली गेली तेव्हा ती येऊ घातलेल्या काळाविषयीची थट्टा होती. आज ती गेलेल्या काळाचे चित्र झाली आहे. ज्या दिवसांत लबाडीलासुद्धा मेहनत पडे, त्या दिवसांचे. तिच्या आधी पाच वर्षे, 1953 मध्ये, डाल यांनीच प्रौढांसाठी 'द ग्रेट ऑटोमॅटिक ग्रॅमॅटिझेटर' ही कथा लिहिली होती. व्याकरणाचे नियम जवळजवळ गणिताइतके काटेकोर आहेत असे हेरून त्या कथेचा नायक कथा-कादंबऱ्या लिहिणारे यंत्र बनवितो आणि हळूहळू खऱ्या लेखकांना पैसे देऊन गप्प बसवितो. त्या काळी डालची कथा अतिशयोक्त वाटली असेल आणि डॅनीची कथा वास्तव. आता त्यांनी परस्परांच्या जागा घेतल्या आहेत. व्याकरणाचे नियम आधी शोधून यंत्रात भरावे लागतील, ही डालच्या नायकाची समजूत मात्र खरी ठरली नाही. आजची यंत्रे नियमांच्या यादीवरून नव्हे तर लिखित भाषेच्या प्रचंड साठ्यावरून लिहावयास शिकली. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ही बाब जितकी अपमानाची तितकीच अभ्यासाचीही आहे.

ही कादंबरी मराठीत आणावयाची झाली तर शीर्षकापासूनच अडचण आहे. इंग्रजी शब्दात काम आहे, मराठी 'गृहपाठ' या शब्दात पाठ आहे. काम दुसऱ्याकडून करवून घेता येते; पाठ देता येतो, घेता येतो, पण तो ज्याचा त्यालाच व्हावा लागतो. 'गृहपाठाचे यंत्र' म्हणताच विरोधाभास शीर्षकातच प्रकट होतो, आणि जे गुपित शेवटच्या प्रकरणापर्यंत राखावयाचे ते मुखपृष्ठावर फुटते. यापेक्षा मराठी घरांतील मुले आज जो शब्द सर्रास वापरतात तो 'होमवर्क'च ठेवणे बरे. त्याला मराठीने पुल्लिंग दिले आहे, बहुधा अभ्यासाच्या आणि गृहपाठाच्या वळणावर. अनुवादकाला जे इंग्रजीत मिळणार नाही आणि मराठीत आयते मिळेल असे एक साधन मात्र आहे, आणि ते त्याने पहिल्याच प्रकरणात वापरावे. संध्याकाळी आई विचारते, "होमवर्क केलास का?" या क्रियापदाच्या शेवटच्या 'स'मध्ये कर्ता स्पष्टपणे बसलेला आहे. मुलगा मान वर न करता उत्तर देतो, "झाला." त्या उत्तरात कर्ता कोठेही नाही.